लाकूड आणि लिपी : कारंजा (लाड) येथील जैन मंदिरे व वऱ्हाडची ज्ञानपरंपरा

प्रस्तावना

वऱ्हाडच्या मंदिरस्थापत्याचा विचार निघाला की अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते ते लोणारच्या दैत्यसूदन मंदिराकडे आणि हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अन्य पाषाणमंदिरांकडे. हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवर लिहिलेला ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यामुळे या अभ्यासाला निश्चित दिशा मिळाली. दगड टिकतो, त्याचे मोजमाप घेता येते, त्यावरील लेख वाचता येतात. तेव्हा इतिहासलेखनाचा ओढा दगडाकडे असणे स्वाभाविक आहे. परंतु धार्मिक वास्तूचा सर्व वैभवविस्तार दगडातच असतो असे नाही. वाळवी लागते त्या लाकडात आणि कसर लागते त्या कागदातही काही समाजांनी आपले वैभव साठविले. कारंजा (लाड) येथील दिगंबर जैन मंदिरे हे त्याचे वऱ्हाडातील ठळक उदाहरण होय.

कारंजा आज वाशीम जिल्ह्यात असले तरी त्याचा इतिहास अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांशी निगडित आहे. १९०५ च्या पुनर्रचनेपर्यंत कारंजा ज्या मूर्तिजापूर तालुक्यात होते, तो तालुका अमरावती जिल्ह्यात मोडत असे. त्यानंतर तो अकोला जिल्ह्यात गेला आणि १९९८ मध्ये वाशीम जिल्हा स्वतंत्र झाला. शंभर वर्षांत तीन जिल्हे पाहिलेल्या या गावातील मंदिरांचे अलंकरण आणि तेथील ग्रंथभांडारे यांचा परस्परसंबंध काय होता, हे वैभव कोणत्या व्यवस्थेने राखले आणि त्या व्यवस्थेचा लोप झाल्यावर वऱ्हाडातील एका महाविद्यालयीन अध्यापकाने त्याचा वारसा कसा पुढे नेला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

वऱ्हाडातील जैन परंपरेची प्राचीनता

वऱ्हाडातील जैन वस्ती ही केवळ मध्ययुगीन व्यापाऱ्यांच्या स्थलांतराची निष्पत्ती नव्हे. मूर्तिजापूर परिसरातील राजनापूर खिनखिनी येथे १९२८ मध्ये जैन धातुमूर्तींचा मोठा संचय सापडला. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात ठेवलेल्या या मूर्ती पूर्वमध्ययुगात या भागात जैन उपासनेची समृद्ध परंपरा असल्याची साक्ष देतात. अचलपूरचा उल्लेखही जैन वाङ्मयात वारंवार येतो. हरिषेण या कवीने चितोड सोडून अचलपुरास येऊन विक्रम संवत् १०४४ मध्ये, म्हणजे इ. स. ९८८ च्या सुमारास, ‘धम्मपरिक्खा’ हा अपभ्रंश ग्रंथ रचला. राजस्थान व वऱ्हाड यांच्यातील या दळणवळणाचा धागा पुढे कारंज्याच्या इतिहासातही दिसून येतो.

अचलपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या कुशीत मुक्तागिरी हे सिद्धक्षेत्र आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मोडते. तथापि तेथे जाण्याचा जवळचा मार्ग परतवाड्यावरूनच असल्याने वऱ्हाडातील भाविकांना ते आपलेच वाटते. डोंगरउतारावर पसरलेली ५२ मंदिरे, त्यांच्यामधून कोसळणारा धबधबा आणि डोंगरात कोरलेले जुने गुहामंदिर यांमुळे ते स्थळ युरोपीय अभ्यासकांच्याही दृष्टीस पडले. जेम्स फर्ग्युसन यांनी भारतीय वास्तुकलेच्या इतिहासावरील आपल्या १८७६ च्या ग्रंथात मुक्तागिरीची नोंद घेतली आणि तेथील घुमट व कमानी यांवर मुसलमानी वास्तुशैलीचा प्रभाव असल्याचे निरीक्षण नोंदविले. वऱ्हाडातील मंदिरांनी आसपासच्या शैली किती सहजतेने आत्मसात केल्या, हे यावरून लक्षात येते.

शिरपूर (ता. मालेगाव) येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ हे तिसरे महत्त्वाचे क्षेत्र. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरी यांनी रचलेल्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात श्रीपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथावर स्वतंत्र कल्प आहे. श्रीपाल राजाचा त्वचारोग तळ्याच्या पाण्याने बरा झाला, त्या तळ्यातून मूर्ती निघाली आणि राजाने वाटेत मागे वळून पाहताच ती अधांतरी थांबली, अशी ही परंपरा आहे. वऱ्हाडात हीच कथा एलिचपूरच्या एल राजाशी जोडून सांगितली जाते. कथेतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी चौदाव्या शतकात वऱ्हाडातील एका गावाची कीर्ती गुजरात व दिल्लीकडील जैन वर्तुळांपर्यंत पोहोचली होती, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती उरतेच.

मुक्तागिरी हे निसर्गाच्या सान्निध्यातील तपाचे क्षेत्र, शिरपूर हे एका अद्भुत मूर्तीचे क्षेत्र. कारंजा या दोहोंहून वेगळे आहे. तेथे डोंगर नाही आणि कोणा तीर्थंकराच्या किंवा मुनीच्या निर्वाणाची कथाही नाही. तेथे होती ती बाजारपेठ. आणि त्या बाजारपेठेच्या आधारानेच तेथील मंदिरे उभी राहिली.

व्यापारी नगर आणि भट्टारकपीठे

मध्ययुगीन कारंजा हे वऱ्हाडातील संपन्न नगर होते. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तसंप्रदायात त्याला मान आहेच. पण सतराव्या शतकात त्याची ख्याती प्रामुख्याने सधन व्यापारी गाव म्हणून होती. १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर थोड्याच अवधीत मराठी फौजांनी मोगलांच्या ताब्यातील वऱ्हाडात खोलवर मुसंडी मारून कारंजा लुटले. एवढ्या दूरच्या गावावर स्वारी व्हावी, यातच त्याच्या संपत्तीची ख्याती दिसते. याच शतकात दक्षिणेची यात्रा केलेल्या शीलविजय या श्वेतांबर साधूने आपल्या तीर्थमालेत कारंज्याच्या बघेरवाल जातीतील भोज संघवी या धनिकाचे व त्याच्या दानशीलतेचे वर्णन केले आहे. श्वेतांबर साधूने दिगंबर श्रावकाची अशी प्रशंसा करावी, ही बाबही लक्षणीय आहे.

बघेरवाल समाजाचे मूळ राजस्थानात. चितोडगडावरील जैन कीर्तिस्तंभ उभारणारा साह जीजा हा बघेरवालच. हा समाज वऱ्हाडात आला तेव्हा केवळ भांडवल घेऊन आला नाही. मंदिर बांधणे, मूर्तींची प्रतिष्ठा करणे आणि पोथ्या लिहवून घेऊन दान देणे या धर्मकृत्यांची रीतही त्याने बरोबर आणली.

या रीतीला संस्थात्मक आधार दिला तो भट्टारकांनी. भट्टारक हे वस्त्रधारी मठाधिपती होत. प्रतिष्ठाविधी करणे, शिष्यांना शिकविणे, ग्रंथ रचणे व नकलून घेणे, श्रावकांच्या संघांसह यात्रा काढणे आणि प्रसंगी राजसत्तेशी बोलणी करणे ही त्यांची कामे. कारंज्यात मूलसंघातील बलात्कारगण व सेनगण आणि त्यांखेरीज काष्ठासंघ अशा तीन परंपरा नांदल्या व तिघींची स्वतंत्र मंदिरे उभी राहिली. बलात्कारगणाची शाखा मळखेडच्या परंपरेतून सोळाव्या शतकाच्या सुमारास येथे स्थिरावली. विद्याधर जोहरापूरकर यांनी ‘भट्टारक संप्रदाय’ (१९५८) या ग्रंथात मूर्तिलेख व ग्रंथप्रशस्ती यांच्या आधारे या पीठांच्या गुरुपरंपरा सिद्ध केल्या. त्यामुळे वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासाचे एक दुर्लक्षित दालन अभ्यासकांना खुले झाले.

भट्टारकांचे कार्य संस्कृत-प्राकृतापुरते मर्यादित नव्हते. अठराव्या शतकातील जिनसागर हा मराठी जैन कवी कारंज्याच्या देवेंद्रकीर्ती भट्टारकांचा शिष्य. व्रतकथा, पुराणकथा, आरत्या, स्तोत्रे अशी त्याची रचना सामान्य श्रावकांसाठी होती. सुभाषचंद्र अक्कोळे यांनी प्राचीन मराठी जैन साहित्याचा जो मागोवा घेतला, त्यात कारंज्याचे स्थान वरचे आहे. मराठी वाङ्मयेतिहासात महानुभाव पंथाच्या पोथ्यांना जे महत्त्व लाभले, ते या साहित्याच्या वाट्याला आले नाही, हे मान्य करावे लागते.

काष्ठासंघाचे मंदिर आणि लाकडाची कला

कारंज्याच्या तीन मंदिरांपैकी श्रीचंद्रनाथस्वामी काष्ठासंघ दिगंबर जैन मंदिर हे आपल्या लाकडी कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे. संघाचे नाव आणि मंदिराचे वैशिष्ट्य यांतील साम्य मोहात पाडणारे आहे. तथापि ते शब्दसाम्यच मानावे लागते. काष्ठासंघाचे नाव काष्ठा या स्थळावरून पडले असे सामान्यतः मानले जाते. लाकडी प्रतिमेच्या पूजेशी ते जोडणारी कथाही आढळते. पण हा संघ कारंज्यात येण्याच्या कितीतरी आधीच त्याचे नाव रूढ झाले होते. मंदिरातील लाकूडकामाचा उगम पंथाच्या नावात नव्हे, तर या प्रदेशाच्या बांधणीपरंपरेत शोधला पाहिजे.

वऱ्हाड व खानदेश या भागांत वाडेबांधणीची जुनी पद्धती लाकडावर आधारलेली आहे. दगडी उथळ्यावर सागवानी खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई आणि तिच्यावर कडीपाट अशी तिची रचना. भिंत पडली तरी लाकडी सांगाडा उभा राहतो, ही या पद्धतीची खूण. सातपुड्यातील जंगलांत उत्तम साग मिळत असल्याने सुतारकामाची परंपरा येथे सहज रुजली. सधन सावकाराच्या वाड्यात सुताराचे जे कौशल्य महिरपींत व हस्तांत प्रकट होई, तेच मंदिराच्या सभामंडपात अधिक मोकळेपणाने अवतरले.

पाषाणमंदिर पाहण्याची सवय असलेल्या अभ्यागताला लाकडी सभामंडपाचा अनुभव निराळा वाटतो. हेमाडपंती मंदिरात अलंकरणाचा भर बाह्यभिंतीवर असतो. प्रेक्षक मंदिराभोवती फिरत ते पाहतो. लाकडी मंडपात अलंकरण आत असते. उन्हापावसापासून त्याला जपावे लागते, म्हणून ते छताखाली, उपासकांच्या सहवासात राहते. ‘निःसही’ म्हणत उंबरा ओलांडणारा श्रावक प्रथम या कोरीव खांबांमधून जातो आणि मग मूलनायक चंद्रनाथांसमोर उभा राहतो. तीर्थंकराची प्रतिमा अलंकारविरहित, ध्यानस्थ; तिच्याकडे नेणारी वाट मात्र अलंकारांनी भरलेली. हा विरोध जैन मंदिरकलेत सर्वत्र आढळतो. आबूच्या संगमरवरात तो जितका स्पष्ट आहे, तितकाच कारंज्याच्या लाकडातही. वैराग्याची स्तुती करण्यासाठी गृहस्थाजवळ जे होते, ते त्याने अर्पण केले. वस्त्राचा व धान्याचा व्यापार करणाऱ्या गृहस्थाजवळ होते ते धन आणि कारागिरांची ओळख.

लाकडी जैन मंदिरांची परंपरा गुजरातेत विशेष समृद्ध होती. तिच्या एका नमुन्याचे भवितव्य येथे तुलनेसाठी पाहणे उद्बोधक ठरेल. पाटण येथील वाडी पार्श्वनाथ मंदिर सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारले गेले. बर्जेस व कझिन्स यांनी उत्तर गुजरातच्या वास्तूंच्या पाहणीत त्याची नोंद केली. पुढे त्या मंदिराचा कोरीव लाकडी मंडप व घुमट परदेशी गेला आणि १९१६ पासून तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. तेथे त्याची निगा उत्तम राखली जाते, हे खरे. पण त्याच्याखाली आता कोणी पूजा करीत नाही आणि तो ज्या मंदिराचा भाग होता, त्या मंदिरापासून तो कायमचा तुटला आहे. कारंज्याचे लाकूड आपल्या जागी आहे आणि उपासनेत आहे. रोज झाडलोट होणाऱ्या, तेलपाणी मिळणाऱ्या लाकडाचे आयुष्य वापरामुळेच वाढते. मंदिर ओस पडले की वाळवी लागण्यास फार काळ लागत नाही. म्हणून लाकडी वास्तूच्या बाबतीत वापर हेच संरक्षणाचे पहिले साधन ठरते.

पोथ्यांचे भांडार

लाकडाविषयी जे म्हटले, तेच पोथ्यांनाही लागू पडते. जैन परंपरेत शास्त्रदान हे मोठे पुण्यकृत्य मानले गेले. व्रताच्या उद्यापनाप्रीत्यर्थ किंवा दिवंगत आप्ताच्या स्मरणार्थ श्रावक पोथी नकलून घेई व मुनींना अथवा मंदिराला अर्पण करी. अशा पोथीच्या शेवटच्या प्रशस्तीत लिहवून घेणाऱ्याचे कुळ, गुरूचे नाव, गाव व तिथी यांची नोंद असे. इतिहासकाराच्या दृष्टीने या प्रशस्ती शिलालेखांच्या तोडीच्या आहेत. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस येणाऱ्या श्रुतपंचमीच्या दिवशी ग्रंथांची पूजा होते. त्या निमित्ताने बस्ते सोडून पोथ्यांना ऊन दाखवावे, धूळ झटकावी, नवी वेष्टने घालावीत, असा परिपाठ आहे. धर्माचरणाच्या रूपाने वर्षातून एकदा होणारी ही ग्रंथसंरक्षणाची व्यवस्थाच होय.

या व्यवस्थेमुळे कारंज्याच्या मंदिरांत, विशेषतः बलात्कारगण व सेनगण यांच्या भांडारांत, असे ग्रंथ टिकून राहिले की ज्यांची विद्वज्जगताला फारशी माहिती नव्हती. १९२६ मध्ये नागपूर येथून मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध झाली. तिचे संपादक रायबहादूर हिरालाल. त्या सूचीत कारंज्याच्या भांडारांतील ग्रंथांची नोंद झाली आणि भारतीय विद्येच्या अभ्यासकांचे लक्ष या गावाकडे वेधले गेले. या ग्रंथांचे महत्त्व ओळखण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांचे नावही योगायोगाने हिरालाल हेच होते.

अमरावतीचे अध्यापक आणि कारंज्याच्या पोथ्या

डॉ. हिरालाल जैन हे १९२५ पासून अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक होते. हेच महाविद्यालय पुढे विदर्भ महाविद्यालय झाले आणि आज ते शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. अमरावतीस येण्यापूर्वीच, १९२४ मध्ये, त्यांनी कारंज्याची भांडारे पाहिली होती. त्या पोथ्यांत त्यांना अपभ्रंश भाषेतील संपूर्ण काव्ये आढळली.

या शोधाचे मोल समजण्यासाठी त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. प्राकृत व्याकरणाचे थोर जर्मन पंडित रिचर्ड पिशेल यांनी १९०२ मध्ये अपभ्रंशाची सामग्री एकत्र केली, तेव्हा त्यांना मुख्यतः व्याकरणग्रंथांत व अन्यत्र विखुरलेल्या अवतरणांवर विसंबावे लागले होते. हर्मन याकोबी यांना अहमदाबादेस धनपालाचे ‘भविसत्तकहा’ हे काव्य मिळाले व ते त्यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे आधुनिक आर्यभाषांची पूर्वावस्था दाखविणाऱ्या या भाषेतील समग्र ग्रंथ तोवर मोजकेच उजेडात आले होते. अशा वेळी वऱ्हाडातील एका गावात अशी काव्ये एकाहून अधिक संख्येने मिळावीत, ही घटना असाधारण होती.

या काव्यांत अग्रस्थान पुष्पदंताचे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळात मान्यखेट येथे, मंत्री भरत व त्याचा पुत्र नन्न यांच्या आश्रयाने हा कवी लेखन करीत होता. इ. स. ९७२ मध्ये परमार सीयकाने मान्यखेट लुटले. राजधानीचे वैभव लयास गेले. पण पुष्पदंताची काव्ये नकलून घेतली जात राहिली. मान्यखेट म्हणजेच आजचे मळखेड. आणि कारंज्याचा बलात्कारगण आपले नाते मळखेडच्याच परंपरेशी सांगतो. उद्ध्वस्त राजधानीतील कवीची वाणी एका बाजारगावाच्या मंदिरात जतन व्हावी, यात इतिहासाचा मोठा अर्थ सामावलेला आहे. राजाश्रय संपल्यावरही समाजाश्रय टिकू शकतो, एवढे तरी त्यावरून निश्चित म्हणता येते.

हे ग्रंथ प्रकाशात आणण्यासाठी कारंज्यातूनच आर्थिक साहाय्य उभे राहिले, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्या संपादनाखाली १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. त्यानंतर हिरालाल जैन यांनी संपादिलेली ‘सावयधम्मदोहा’ (१९३२), ‘णायकुमारचरिउ’ व ‘पाहुडदोहा’ (दोन्ही १९३३) आणि मुनी कनकामर यांचे ‘करकंडचरिउ’ (१९३४) ही पुस्तके आली. ‘करकंडचरिउ’ या काव्यात तेरापूर येथील लेण्यांचे वर्णन आहे. हिरालाल जैन यांनी त्याची सांगड तेर-धाराशिव परिसरातील प्रत्यक्ष लेण्यांशी घातली. एका मंदिरात जपलेल्या पोथीने दूरच्या दुसऱ्या धर्मस्थळाचा इतिहास उजळावा, याचे हे उत्तम उदाहरण होय.

यापुढील कार्य याहूनही मोठे होते. षट्खंडागम हा दिगंबर परंपरेचा मूलभूत सिद्धांतग्रंथ आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची नवव्या शतकातील ‘धवला’ टीका यांची जुन्या कानडी लिपीतील ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्री येथे होती. त्यांचे दर्शन होई, पण अभ्यास होत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या नकला बाहेर पडल्या. अमरावती, आरा व कारंजा येथील प्रतींच्या आधारे हिरालाल जैन यांनी संपादनास आरंभ केला आणि १९३९ मध्ये पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. जैन साहित्योद्धारक फंडाने सुरू केलेल्या या प्रकाशनाचे १६ खंड पूर्ण होण्यास सुमारे २० वर्षे लागली. कोल्हापूरचे आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचे सहकार्य या कार्यास लाभले. प्रारंभी नकलांवर विसंबावे लागलेल्या संपादकांना पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची संधीही मिळाली. छापील ग्रंथाने निर्माण केलेला विश्वास हे या बदलाचे एक कारण होते.

या सर्व घटनांत एक समान सूत्र दिसते. हिरालाल जैन यांनी पोथ्या कारंज्याबाहेर हलवून एखाद्या दूरच्या संग्रहालयाच्या हवाली केल्या नाहीत. भांडाराचे विश्वस्त, गावातील दाते, महाविद्यालयीन अध्यापक आणि पुणे-कोल्हापूरचे विद्वान यांच्या सहकार्याने त्यांतील ज्ञान बाहेर आले. पोथी मात्र मंदिराची राहिली. १९१८ मध्ये कारंज्यात स्थापन झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमासारख्या संस्थेमुळे धर्मशिक्षण व आधुनिक शिक्षण यांचा जो मेळ गावात घातला जात होता, त्याचीही पार्श्वभूमी या सहकार्यास होती.

व्यवस्थेचा लोप आणि प्रश्न

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारंज्याची भट्टारकपीठे रिकामी झाली. मंदिरे व भांडारे पंच आणि विश्वस्त यांच्याकडे आली. त्यांनी ती श्रद्धेने सांभाळली. परंतु भट्टारक हा एकाच वेळी व्यवस्थापक आणि पंडितही असे. पोथी जपणारा ती वाचूही शकत असे. नव्या व्यवस्थेत जपणारा आणि वाचणारा वेगळे झाले. हाच या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. वाचणारा महाविद्यालयातून यावा, अशी स्थिती १९२५ नंतरच्या काही दशकांत होती. त्यानंतर प्राकृत व अपभ्रंश हे विषय बहुतेक महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमातून मागे पडत गेले.

जपणुकीतील सहमती मोडली म्हणजे काय होते, हे शिरपूरच्या इतिहासावरून दिसते. दिगंबर व श्वेतांबर समाजांतील पूजाधिकाराचा वाद १९०५ च्या वेळापत्रकाने काही काळ मिटला. पुढे तो १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३ च्या अंतरिम आदेशानंतर त्याच वर्षी मार्चमध्ये ते उघडले. मूर्तीवर वेळोवेळी लेप करणे आवश्यक असताना तोच वादाचा विषय ठरला होता. कोणत्या पक्षाची बाजू योग्य, हा या निबंधाचा विषय नव्हे. पण चार दशके एका पिढीला ती मूर्ती नीट पाहता आली नाही आणि अभ्यासकांना तिचा अभ्यास करता आला नाही, ही हानी दोन्ही समाजांची व इतिहासाचीही आहे.

कारंज्यात असा प्रसंग आलेला नाही. तेथील धोका अधिक सौम्य व म्हणूनच अधिक दुर्लक्षित राहणारा आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुने लाकूड काढून त्या जागी संगमरवर व सिमेंट बसविणे हे अनेक ठिकाणी पुण्यकृत्यच मानले जाते. भाविकांचा हेतू शुद्ध असतो. परंतु लाकडावरील हत्यारांच्या खुणा, सांधे व रंगांचे थर ही इतिहासाची साधने त्यात नष्ट होतात. मूर्तींच्या पीठांवरील लेख वर्षानुवर्षांच्या अभिषेकाने झिजतात. पोथीवरील प्रशस्तीचे शेवटचे पान बहुधा सर्वांत आधी सुटते, आणि इतिहासाला हवे असलेले नाव त्याच पानावर असते.

समारोप

राष्ट्रीय हस्तलिखित अभियान २००३ मध्ये सुरू झाले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद व संरक्षण करण्यासाठी ज्ञानभारतम् अभियानाची घोषणा झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. वऱ्हाडच्या दृष्टीने हा योग महत्त्वाचा आहे. प्राकृत, अपभ्रंश व मराठी या तिन्ही अवस्थांचे ग्रंथ ज्या एका गावाने जपले, ते गाव अमरावतीपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे.

मात्र अभियाने पोथ्यांची मोजदाद करू शकतात. वाचन माणसांनाच करावे लागते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील इतिहास, मराठी व संस्कृत विभागांना या बाबतीत तीन कामे हाती घेता येतील. मंदिरांच्या लाकडी भागांचे आरेखन व छायाचित्रण जीर्णोद्धारापूर्वी व्हावे. मूर्तिलेखांचे ठसे घेऊन वाचन व्हावे. आणि विश्वस्तांच्या संमतीने, पोथी जागेवरून न हलविता, प्रशस्तींची सूची तयार व्हावी. यांपैकी एकाही कामासाठी मोठा निधी प्रथम लागत नाही. प्रथम लागते ती श्रुतपंचमीच्या दिवशी बस्ते सुटत असताना तेथे उपस्थित राहण्याची व देवनागरीची जुनी वळणे वाचू शकण्याची तयारी.

कारंज्याच्या सभामंडपातील सुताराचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पोथी नकलणाऱ्या लेखनिकाचे नाव मात्र प्रशस्तीत सापडू शकते. दोघांनीही नाशिवंत वस्तूंवर आपले कौशल्य खर्च केले, कारण पुढे कोणीतरी त्या सांभाळील असा त्यांना भरवसा होता. व्यापारी, भट्टारक, पंच आणि काही काळ अमरावतीचे एक अध्यापक यांनी तो भरवसा सार्थ ठरविला. या साखळीतील पुढची कडी वऱ्हाडातील महाविद्यालयांनी होणे, हे त्यांच्या शैक्षणिक कर्तव्याचाच भाग आहे.